चाळीसगावची डार्करूम आणि फोटोच्या कागदाची दीडशे वर्षे

रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याला आला, तो लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी. ईस्ट इंडिया कंपनीने दिलेले हे काम त्याने वर्षानुवर्षे केले. भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवलेल्या त्या नकला लंडनला गेल्या आणि डिसेंबर १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळून गेल्या. गिलने लेण्यांचे फोटोही काढले होते. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ते लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाले. त्या वेळी अशा पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत खरेखुरे फोटो चिकटवावे लागत. कॅनव्हास गेले, कागदावरचे हे छोटे फोटो मात्र वेगवेगळ्या संग्रहांत टिकून राहिले. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

खानदेशाच्या वेशीवर काढलेल्या या फोटोंचा कागद होता अल्ब्युमेनचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा. फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार याने १८५० मध्ये ही रीत जाहीर केली. मीठ मिसळलेल्या बलकावर पातळ कागद तरंगवायचा, वाळवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवायचा, आणि काचेच्या निगेटिव्हखाली दाबून उन्हात धरायचा. उन्हानेच चित्र उमटे. पुढे या कागदाचा इतका खप वाढला, की १८८० च्या दशकात जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एकाच कारखान्यात दिवसाला सुमारे ६०,००० अंडी फुटत. मूळ कोरा कागद पुरवणाऱ्या गिरण्या मात्र जगात जेमतेम दोन नावाजलेल्या होत्या: फ्रान्समधली रीव्ह आणि माल्मेदीची स्टाइनबाख. कारण होते पाण्याचे. पाण्यात लोहाचा अंश असला तर कागदात त्याचे कण राहत आणि चांदीशी संयोग होऊन फोटोवर डाग पडत.

त्याच काळात खानदेशातही कागद बनत होता. एरंडोल आणि यावल ही गावे एकेकाळी जाडसर देशी कागदासाठी प्रसिद्ध होती, याची नोंद इंग्रजी गॅझेटियरांनी केली आहे. ती नोंद होईपर्यंत गिरणीच्या कागदापुढे हा धंदा उतरणीला लागला होता. देशी कागदाची रीत दख्खनभर साधारण सारखीच. जुने दोर, गोणपाट, रद्दी चुन्यात मुरवून कुटायची, लगदा धुऊन साच्यावर उचलायचा, ताव भिंतीला लावून वाळवायचे, त्यांना खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. बोरूची शाई कागदात फुटू नये, वर ठसठशीत राहावी, यासाठी ही खळ आणि घोटाई. हा कागद किती टिकतो, याचा पुरावा धुळ्यात आहे. समर्थ वाग्देवता मंदिरातली रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते आणि राजवाडे संशोधन मंडळातली जुनी कागदपत्रे आजही वाचता येतात. उलट, एकोणिसाव्या शतकात तुरटी आणि राळेची खळ घालून गिरण्यांनी काढलेला बराचसा कागद आम्लामुळे पिवळा पडून कुडकुडीत झाला.

या घोटीव कागदावर फोटो छापले गेले नाहीत. पण तो बनवणाऱ्या कागदींनी सोडवलेला प्रश्न फोटोच्या कागदालाही चुकला नाही. चित्र कागदाच्या अंगावर राहायचे की आत मुरायचे? आत मुरले तर काळा रंग करडा होतो, बारकावे बुजतात. अल्ब्युमेनचा थर हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आले. कोऱ्या कागदावर बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर, ज्याला बरायटा म्हणतात, आणि त्यावर चांदीचे क्षार धरून ठेवणारे जिलेटिन. कागदातल्या तंतूंचा खडबडीतपणा बरायटाखाली झाकला गेला आणि चांदी वरच राहिली. पुढची पाऊणशे वर्षे चांगला फोटो म्हणजे बरायटावरचा फोटो, हे समीकरण जगभर चालले.

घरी फोटो छापण्याची सोय झाली ती याच कागदाच्या एका मंद जातीमुळे. लिओ बेकलंडने १८९३ मध्ये ‘व्हेलॉक्स’ बाजारात आणला आणि १८९९ मध्ये त्याचा कारखाना ईस्टमन कोडॅकने विकत घेतला. हा कागद इतका मंद होता, की गॅसच्या दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात तो हाताळता येई आणि त्याच दिव्याजवळ नेला की उजेडही मिळे. वीज नसलेल्या गावात निगेटिव्हएवढाच फोटो काढायला हे पुरेसे होते. याच्या जोडीला ब्रोमाइड कागद होता. तो कितीतरी जलद, म्हणून एन्लार्जरखाली मोठे फोटो करण्यासाठी तोच लागे. स्टुडिओवाल्यांच्या तोंडी पुढे ‘ब्रोमाइड’ हाच शब्द फोटोसाठी रूढ झाला.

खानदेशात घरच्या घरी फोटो छापण्याची कला ज्या उंचीला गेली, तिचा पत्ता चाळीसगाव स्टेशनजवळचा आहे. कैखुश्रू माणेकजी मूस, सगळ्यांचे केकी मूस, १९१२ मध्ये मुंबईत जन्मले. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये व्यावसायिक कला आणि छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. जवळजवळ अर्धे शतक ते घराबाहेर क्वचितच पडले. त्यामागच्या कारणांच्या अनेक कहाण्या चाळीसगावात सांगितल्या जातात. छायाचित्रणाच्या इतिहासात महत्त्व आहे ते त्या घरात झालेल्या कामाला. आपल्या बंगल्याला त्यांनी रेम्ब्राँचे नाव दिले होते. अंधारातून थोडासा चेहरा उजेडात आणणाऱ्या त्या डच चित्रकाराशी मूस यांच्या व्यक्तिचित्रांचे नाते उघड दिसते. ‘चाळीसगावची चेटकीण’ या अर्थाच्या इंग्रजी नावाने गाजलेले त्यांचे वृद्धेचे चित्र त्याच वळणाचे.

मूस यांची दुसरी ख्याती ‘टेबलटॉप’ छायाचित्रांची. बाहेर जायचे नाही, तर बाहेरचे जग टेबलावर मांडायचे. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंतून डोंगर, झाडे, बर्फाचे देखावे उभे करायचे, प्रकाश योजायचा आणि पाहणाऱ्याला खऱ्या निसर्गाचा भास होईल असा फोटो काढायचा. अशा चित्रात कागदाचा वाटा फार मोठा असतो. चकचकीत कागद प्रत्येक कण, प्रत्येक धागा उघडा पाडतो आणि टेबल टेबलच दिसते. मॅट किंवा बारीक दाणेदार कागद धार थोडी मऊ करतो, अंतराचा भास वाढवतो. उबदार छटेचा क्लोरोब्रोमाइड कागद सांजवेळ दाखवतो, थंड छटेचा ब्रोमाइड बर्फाला साथ देतो. निगेटिव्ह एकच असले तरी कागद बदलला की ऋतू बदलतो.

कागदाच्या नंबरांचेही तसेच. कमी नंबरचा कागद मऊ, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी करणारा. वरच्या नंबरचा कडक. दुपारच्या रणरणत्या उन्हात काढलेल्या निगेटिव्हला मऊ कागद लागे, ढगाळ दिवसाच्या फिक्या निगेटिव्हला कडक. डार्करूममध्ये वेगवेगळ्या नंबरांची पाकिटे ठेवणे हा खर्चाचा भाग होता. एकाच कागदावर फिल्टर बदलून सगळे नंबर मिळवून देणारा मल्टिग्रेड कागद इलफर्डने १९४० मध्ये आणला, पण नंबरी कागदाची सवय पुढे कित्येक वर्षे सुटली नाही.

मूस यांच्यासारख्या माणसाला गावाच्या जागेचाही फायदा होता. चाळीसगाव मुंबई-भुसावळ या मुख्य लोहमार्गावर आहे आणि १९०० मध्ये तिथून धुळ्याचा फाटा सुरू झाला. मुंबईच्या बाजारातला माल थेट गाडीने येऊ शकत होता. अडचण होती ती हवेची. फोटो धुण्याच्या रसायनांचे सारे हिशोब वीस अंश सेल्सियसचे, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्याही वर जातो. गरम पाण्यात जिलेटिन फुगते, मऊ पडते, कडेने सुटू लागते. म्हणून उष्ण प्रदेशांत डार्करूमचे काम रात्री किंवा पहाटे करायचे, ट्रेभोवती बर्फ ठेवायचा आणि हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालून थर घट्ट करायचा, असे उपाय सांगितले जात. बरायटाच्या कागदात हायपो खोलवर मुरतो. तो पुरता काढायला तासभर वाहते पाणी हवे. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असलेल्या या मुलखात ही अट सोपी नव्हती. धुण्यात कसर राहिलेले फोटो काही वर्षांतच पिवळट-तपकिरी होतात. जुन्या अल्बममधले पिवळे डाग पुष्कळदा अपुऱ्या धुलाईचे असतात.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि परदेशी कागद महाग व दुर्मीळ झाला. केंद्र सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली; उटीजवळच्या थंड, स्वच्छ हवेत फ्रेंच कंपनी बोशेच्या सहकार्याने उभारलेल्या कारखान्यात १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ नावाचा तिचा कृष्णधवल कागद आणि फिल्म देशभरातल्या स्टुडिओंमध्ये पोचली. साखरपुड्याचे, मॅट्रिकच्या ग्रुपचे, नोकरीच्या अर्जाचे असंख्य फोटो त्या काळात देशी कागदावर उमटले. रंगीत फोटोची लाट आल्यावर ही कंपनी मागे पडली, १९९६ मध्ये आजारी उद्योग ठरली आणि पुढे बंद झाली.

रंगीत फोटोने आणखी एक गोष्ट नेली, ती म्हणजे निवड. १९७० च्या दशकापासून दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर दिलेला कागद रुळला. तो काही मिनिटांत धुतला जाई आणि वाळताना वळत नसे. पाण्याची आणि वेळेची ही बचत खरीच मोठी होती. पण धंदा लॅबच्या यंत्राकडे गेला आणि गिऱ्हाइकापुढे प्रश्न उरला तो ग्लॉसी की मॅट, एवढाच. २००५ मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणे थांबवले. त्याच वर्षी जर्मनीच्या आग्फाफोटोने दिवाळे काढले. मोबाइल आल्यावर तर बहुतेक फोटो कागदापर्यंत पोचेनासेच झाले.

गेलेली निवड परत आली ती इंकजेट प्रिंटरच्या रूपाने. शाईच्या टाक्यांचा सहा रंगांचा प्रिंटर आज तालुक्याच्या गावीही दिसतो. बाजारात कागद इतके आहेत की नवशिक्या गोंधळतो, पण कागदींचा जुना प्रश्न विचारला की निम्मा गोंधळ मिटतो: शाई वर राहणार की मुरणार? इंकजेटच्या फोटो कागदावर अतिसूक्ष्म छिद्रांचा थर असतो. तो शाई पटकन शोषतो, पण रंग पृष्ठभागाजवळच धरून ठेवतो. साध्या झेरॉक्स कागदावर हा थर नसतो, म्हणून तिथे फोटो मलूल दिसतो. चकचकीत कागद गडद काळा देतो, पण त्यावर बोटांचे ठसे आणि दिव्याची चमक पडते. लस्टर किंवा साटिन कागदाला बारीक दाणे असतात. अल्बमसाठी तो उत्तम. मॅट कागदाचा काळा थोडा फिका, पण काचेच्या चौकटीत तोच शोभतो. चांगल्या प्रिंटरमध्ये मॅट आणि चकचकीत कागदांसाठी काळी शाईही वेगळी असते. आणि प्रिंटरच्या यादीत योग्य कागदाचे नाव निवडले नाही, तर महागडा कागदही वाया जातो.

टिकाऊपणाचा विचार वेगळा करावा लागतो. अतिशुभ्र दिसणाऱ्या कागदात अनेकदा उजळपणा आणणारी रसायने असतात. काळाने ती निकामी होतात आणि पांढरा रंग पिवळसर दिसू लागतो. रंगकणांची शाई सहसा विरघळणाऱ्या रंगाच्या शाईपेक्षा जास्त टिकते. उघड्यावर टांगलेल्या फोटोला हवेतला ओझोनही फिका करतो, म्हणून काच हवीच. आणि सर्वांत दीर्घायुषी मानले जाणारे कागद आहेत शंभर टक्के कापसाचे, आम्लमुक्त. १५८४ पासून कागद बनवणाऱ्या जर्मनीच्या हानेम्युलेचा ३०८ ग्रॅमचा ‘फोटो रॅग’ त्यांतला सर्वांत नावाजलेला. खानदेशाच्या काळ्या जमिनीत पिढ्यान्पिढ्या कापूस पिकतो, अमळनेर, जळगाव, धुळ्याला त्यावर गिरण्या चालल्या. फोटोसाठी सर्वोत्तम ठरलेला कागद मात्र हजारो मैलांवरून येतो. पुण्याच्या हातकागद संस्थेने चिंध्यांपासून उत्तम कागद बनवण्याचे काम १९४० पासून केले आहे. इंकजेटचा थर दिलेला असा देशी कापूसकागद सहज मिळू लागला, तर घरच्या छपाईचा खर्च कमी होऊ शकेल. कापूस उत्पादकांच्या या जिल्ह्यांतल्या उद्योजकांनी याचा विचार करायला हवा.

घरी प्रिंटर घेणाऱ्याने कागदाची पाकिटे विकत घेण्याआधी चाळीसगावला जाऊन यावे. केकी मूस यांचे घर आज संग्रहालय आहे. पडद्यावर पाहून कागद कळत नाही. मूळ प्रिंटसमोर उभे राहिले की काळा किती खोल जाऊ शकतो, पांढऱ्यात किती छटा मावतात हे डोळ्यांना समजते. मग परत येऊन आपल्या मोबाइलमधले मोजके दहा-बारा फोटो निवडावेत, दोन-तीन कागदांवर छापून शेजारी ठेवून पाहावेत, आणि पटेल त्या कागदावर आजी-आजोबांचा फोटो छापून मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे.