दूरदर्शनचे पुनरुज्जीवन : पोहोच आहे, प्रश्न आशयाचा

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे ते पुणेकरांच्या घरात पोहोचले. एकच वाहिनी, ठरावीक तास आणि संपूर्ण कुटुंबाने एकत्र बसून पाहायचे कार्यक्रम, अशी दूरदर्शनची ओळख त्यानंतर जवळपास दोन दशके टिकून होती. शेकडो वाहिन्या आणि मोबाईलच्या पडद्याशी स्पर्धा करावी लागत असलेल्या या सार्वजनिक प्रसारकाला नवे रूप देण्याचे प्रयत्न अलीकडच्या काळात वेगाने झाले आहेत. मात्र, त्यांचा भर प्रामुख्याने तंत्रज्ञानावर राहिला आहे.

लोकप्रियतेचे गमक
देशात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात झाला. मुंबई केंद्राने अल्पावधीतच स्वतंत्र मराठी बाज निर्माण केला. ‘गजरा’, ‘किलबिल’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ हे कार्यक्रम घराघरांत पोहोचले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊ या जोडीला दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी छोट्या पडद्यावर साकारले. आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर प्रेक्षकांना संघटित केले. या कार्यक्रमातून प्रेरणा घेऊन ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन झाली.

या लोकप्रियतेत मक्तेदारीचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. प्रेक्षकांपुढे दुसरा पर्याय नव्हता. तथापि, शेतकरी, विद्यार्थी, बालके आणि साहित्य-नाट्यप्रेमी अशा प्रत्येक घटकासाठी वेळ राखून ठेवण्याचे धोरणही त्यामागे होते. जाहिरातीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या वाहिन्यांना असे धोरण परवडत नाही.

घसरण
ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘झी’ वाहिनी सुरू झाली आणि चित्र बदलले. दूरदर्शननेही १९९४ मध्ये मराठीसाठी ‘डीडी-१०’ ही स्वतंत्र उपग्रह वाहिनी आणली. तीच पुढे ‘सह्याद्री’ झाली. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ दाखल झाल्यानंतर मराठी प्रेक्षकवर्ग मोठ्या प्रमाणावर खासगी वाहिन्यांकडे वळला. मनोरंजनाच्या स्पर्धेत ‘सह्याद्री’ मागे पडत गेली.

पोहोच वाढली
प्रक्षेपणाच्या बाबतीत मात्र दूरदर्शन दुर्बल नाही. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली मोफत थेट उपग्रह सेवा आज ‘डीडी फ्री डिश’ म्हणून ओळखली जाते. डिश आणि सेट टॉप बॉक्सचा एकदाच खर्च केल्यावर दरमहा शुल्क लागत नाही. तिचा विस्तार चार कोटींहून अधिक घरांत असल्याचा अंदाज आहे. जमिनीवरील जुन्या अॅनालॉग प्रक्षेपकांपैकी बहुतेक सर्व २०२२ पर्यंत बंद करण्यात आले.

जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या आधुनिकीकरणासाठी २०२५-२६ पर्यंतची २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ या प्रसार भारतीच्या ओटीटी मंचाचे उद्घाटन झाले. मराठीसह अनेक भाषांतील कार्यक्रम त्यावर उपलब्ध आहेत.

यात एक विसंगती दडली आहे. फ्री डिशवरील जागा लिलावाने खासगी वाहिन्यांना दिल्या जातात आणि त्यातून प्रसार भारतीला उत्पन्न मिळते. म्हणजे मार्ग सार्वजनिक असला, तरी त्यावरून प्रेक्षकांपर्यंत जाणारा आशय बहुतांशी इतरांचा असतो.

२०२० मधील दोन अनुभव
करोनाकाळातील टाळेबंदीत २८ मार्च २०२० पासून ‘रामायण’ मालिकेचे पुनःप्रसारण झाले. १६ एप्रिलचा भाग ७.७ कोटी प्रेक्षकांनी पाहिल्याचा दावा दूरदर्शनने केला. हा विक्रमी प्रतिसाद जुन्या ठेव्याला होता आणि टाळेबंदी उठल्यानंतर तो ओसरला.

दुसरा अनुभव पुण्याशी निगडित आहे. शाळा बंद असताना २० जुलै २०२० पासून ‘सह्याद्री’वर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पुण्यातील एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी तिची निर्मिती केली होती. ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांतील संकल्पना घरच्या घरी करता येणाऱ्या उपक्रमांतून समजावून देण्यावर तिचा भर होता. ज्या घरांत स्मार्टफोन किंवा इंटरनेट नव्हते, तेथे टीव्ही हाच वर्ग ठरला. बाजार जेथे पोहोचू इच्छित नाही, तेथे सार्वजनिक प्रसारकाची गरज आजही आहे, हे या प्रयोगाने दाखविले.

स्वायत्ततेचा पेच
प्रसार भारती कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर १९९७ मध्ये अमलात आला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला होता. शिक्षण, शेती, आरोग्य, विज्ञान आणि प्रादेशिक भाषा यांना स्थान देण्याची जबाबदारी कायद्याने प्रसार भारतीवर टाकली आहे. निधी आणि नियुक्त्यांसाठी मात्र ती सरकारवर अवलंबून राहिली. सॅम पित्रोदा समितीने जानेवारी २०१४ मध्ये सादर केलेल्या अहवालात आर्थिक आणि प्रशासकीय स्वायत्ततेची शिफारस केली होती. एप्रिल २०२४ मध्ये ‘डीडी न्यूज’चे बोधचिन्ह भगव्या रंगात आल्यावर उद्भवलेल्या वादामुळे हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

पुण्याचे स्थान
दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणारा दूरचित्रवाणी विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला. चित्रपटांच्या जतनासाठी १९६४ पासून येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. दूरचित्रवाणीला असे संरक्षण वेळीच मिळाले नाही. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात आणि त्यात अनेक जुने कार्यक्रम नष्ट झाले. जे उरले, त्यातील काही भाग आता यूट्यूबवर पाहावयास मिळतो.

प्रशिक्षण, जतन आणि शैक्षणिक निर्मिती या तिन्ही क्षेत्रांतील अनुभवी संस्था एकाच शहरात आहेत. त्यांचा उपयोग नव्या मराठी कार्यक्रमांसाठी झाला, तर ‘टिलीमिली’सारखा प्रयोग आपत्तीच्या काळापुरता मर्यादित राहणार नाही. नवा मंच किंवा नवे बोधचिन्ह ही साधने आहेत. त्यांवरून रोज काय दाखविले जाणार, यावरच दूरदर्शनचे पुनरुज्जीवन अवलंबून राहील.