वाटून ठेवलेले दप्तर

शाळेची निकालपत्रके एकट्या कारकुनाने उतरवून काढावयाची म्हटली तर त्याचे दोन-तीन दिवस सहज मोडतात. तीच पाने पाच जणांत वाटून दिली की काम दुपारपर्यंत उरकते. संगणकाच्या साठवणीत हीच युक्ती कशी आली, आणि तिच्यापोटी कोणते संकट आले, हे या लेखात सांगावयाचे आहे.

सन १९५६ मध्ये अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने रॅमॅक हा संगणक बाजारात आणला. त्याच्या साठवणयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर फिरत व त्यांवर ५० लाख अक्षरे मावत. लिहिणारा व वाचणारा हात मात्र मूळ रचनेत एकच होता. तो वर-खाली सरकून हवी ती तबकडी गाठी आणि मग आत शिरे. एका नोंदीपर्यंत पोहोचावयास सरासरी अर्धा सेकंद किंवा थोडा अधिक वेळ लागे. त्या काळी ही गती म्हणजे नवलच होते.

पुढे तबकड्या लहान झाल्या, त्यांवर मजकूर दाट मावू लागला, परंतु ती दोन कामे तशीच राहिली : हात योग्य वर्तुळावर नेणे आणि हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबणे. मिनिटाला ३,६०० फेरे घेणारी तबकडी एका फेरीस एक साठांश सेकंद घेते, म्हणजे सरासरी थांबा त्याच्या निम्मा. हे यंत्राचे अंग आहे. विजेच्या मंडलाइतक्या झपाट्याने ते वेगवान होत नाही. १९७१ ते १९८१ या दहा वर्षांत आय.बी.एम.च्या उत्तम डिस्कचा हात सरकण्याचा वेळ जेमतेम निम्म्यावर आला आणि फिरण्याचा वेळ होता तेथेच राहिला.

याचा परिणाम काय होतो, ते गणिताने पाहू. एखाद्या कामास १०० मिनिटे लागतात. त्यांपैकी ९० आकडेमोडीची व १० डिस्कची. आकडेमोड दहापट जलद केली तर ९ आणि १० मिळून १९ मिनिटे लागतील. शंभरपट जलद केली तरी सुमारे ११ मिनिटे लागतीलच, कारण डिस्कची १० मिनिटे हटत नाहीत. जीन अ‍ॅमडाल यांनी हा नियम १९६७ मध्ये मांडला होता.

डिस्क जलद होत नसेल तर अनेक डिस्क एकदम कामास लावाव्यात, हा विचार मग ओघानेच आला. १९८६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे केनेथ सालेम व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी या पद्धतीवर निबंध लिहिला आणि तिला स्ट्रायपिंग, म्हणजे पट्टे पाडणे, असे म्हटले. मजकुराचे तुकडे करावयाचे. पहिला पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, आणि शेवटची डिस्क आली की पुन्हा पहिलीवर. मोठा मजकूर वाचताना सर्व डिस्क एकाच वेळी आपापला भाग देतात. लहानसहान मागण्या अनेक असल्या तर त्या निरनिराळ्या हातांत वाटल्या जातात, आणि एका डिस्कपुढे रांग व दुसरी रिकामी असा प्रकार कमी होतो.

येथवर सारे गोड. परंतु पाच जणांपैकी एकाने आपली पाने हरविली तर निकालपत्रक अपुरे राहते, त्याचे काय? १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी आपल्या प्रसिद्ध निबंधात याचा रोकडा हिशेब मांडला. साडेसात हजार मेगाबाइटांच्या एका बड्या डिस्कच्या जागी शंभर-शंभर मेगाबाइटांच्या स्वस्त डिस्क लावता येतील, असे त्यांनी दाखविले. पण एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कच्या समूहात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांतच येणार. म्हणजे दोन आठवडेही नाहीत! माझ्या मते या निबंधाचे खरे मोल वेगाच्या गणितापेक्षा या प्रामाणिक गणितात आहे.

त्यावरचा उपाय सम-विषमाचा. चार डिस्कवर एकाच जागी १, ०, १, १ असे अंक आहेत. त्यांत एक हा अंक तीन वेळा, म्हणजे विषम वेळा आला. म्हणून पाचव्या डिस्कवर १ लिहून संख्या सम करावयाची. आता दुसरी डिस्क बिघडली, तर उरलेल्यांत चार एक आहेत, संख्या समच आहे; अर्थात गेलेला अंक ० होता. कोणती डिस्क गेली हे यंत्र स्वतःच सांगते, म्हणून एवढी एकच जादा नोंद पुरते. अशा समूहाला त्यांनी रेड हे नाव दिले.

तरीही किंमत मोजावी लागतेच. एक लहानसा तुकडा बदलावयाचा तर जुना तुकडा व जुनी सम-विषम नोंद वाचावी लागते आणि मग दोन्ही नव्याने लिहाव्या लागतात : एका कामाची चार कामे. शिवाय नोंदीची डिस्क एकच असली तर प्रत्येक लिखाणासाठी तिच्यापुढे गर्दी होते. रॅमॅकच्या एकट्या हाताचीच ही गत. म्हणून पाचव्या प्रकारात ती नोंदही आळीपाळीने सर्व डिस्कवर फिरती ठेवली.

रेडच्या इंग्रजी नावातील एक शब्द मुळात ‘स्वस्त’ या अर्थाचा होता. पुढे त्या जागी ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द रूढ झाला. विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ शब्द नकोसा वाटला असेल, तर नवल नाही! कालांतराने डिस्क इतक्या मोठ्या झाल्या, की बिघडलेली पुन्हा भरून काढण्यास कित्येक तास, कधी दिवसही लागू लागले. तेवढ्यात दुसरी गेली तर? यासाठी दुहेरी नोंदीचा सहावा प्रकार वापरात आला. आणि नुसते पट्टे पाडून जादा नोंद मुळीच न ठेवण्याचा प्रकार, जो बर्कलेच्या १९८८ च्या पाच प्रकारांत नव्हता, त्याला पुढे क्रमांक मिळाला तो शून्य.