अहमदाबादचे दादासाहेब

ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत थोरांची चरित्रे देण्याची प्रथा जुनी आहे. त्यांच्या मोठेपणाचा वाटा आपल्याकडे ओढण्याचा मोह मात्र तींत असतो. तो टाळून आम्ही यंदा कै. गणेश वासुदेव मावळंकर यांचे स्मरण करीत आहोत. लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून देश त्यांस ओळखतो. त्यांची नगरसेवा मात्र आपल्याकडे फारशी परिचित नाही.

हे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म 1888 साली बडोद्यास झाला. राजापूर आदी ठिकाणी प्रारंभीचे शिक्षण घेऊन 1902 साली ते अहमदाबादेस आले आणि पुढे तेथेच वकिली करून स्थायिक झाले.

अहमदशहाने 1411 साली वसविलेले ते शहर. आत पोळ नावाच्या वस्त्या. एकेका दरवाज्याआड बहुधा एकाच ज्ञातीची वा धंद्याची घरे. बाहेर गिरण्यांची धुराडी आणि मजुरांच्या चाळी. 1931 च्या शिरगणतीतील सुमारे तीन लाखांची वस्ती 1941 मध्ये सहा लाखांच्या घरात गेली. अशा वाढत्या नगरीच्या नगरपालिकेत दादासाहेब 1919 पासून 1937 पर्यंत सभासद होते. वल्लभभाई पटेलांनी 1924 ते 1928 या काळात भूषविलेले अध्यक्षपद त्यांनी 1930 ते 1933 व पुन्हा 1935-36 मध्ये सांभाळले. पाणी, गटारे, रस्ते यांबरोबरच विद्येचीही चिंता त्यांनी वाहिली. 1935 साली स्थापन झालेल्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांत कस्तुरभाई लालभाईंच्या जोडीने त्यांचे नाव आहे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी एकूण सुमारे सहा वर्षे कारावास सोसला, तो निराळाच.

मराठी घराण्यातील या गृहस्थास गुजराती नगराने पुन्हा अध्यक्ष केले, याचे मर्म कोणते? आम्हांस वाटते, त्यांनी त्या गावास 'परगाव' मानले नाही. 1956 साली त्यांचा देहान्तही तेथेच झाला.

आज आपली कुटुंबे कोठकोठे विखुरली आहेत. ज्या गावी आपण अन्न खातो, तेथील शाळेच्या, ग्रंथालयाच्या, नगरपालिकेच्या कामात आपल्यापैकी किती जण दिसतात? 2017 साली युनेस्कोने अहमदाबादचे जुने नगर जागतिक वारसा म्हणून गौरविले, त्यात त्या पोळांचाही मान आहे. आपली ज्ञातिसंस्था हीही एक पोळच होय. रात्री तिचा आसरा असावा; परंतु सकाळ होताच दरवाजा उघडून नगराच्या कामास निघावे, हेच दादासाहेबांचे खरे स्मरण.