काचपेटीतला आडोसा

साप, पाली किंवा कासवे ठेवायच्या पेटीत लपायला जागा असावी, हा आज सर्वमान्य नियम आहे. तो रुजायला मात्र बराच काळ गेला. हे प्राणी पूर्वी मुख्यतः लोकांना दाखवण्यासाठी ठेवले जात, आणि प्राणी दडून बसला की प्रेक्षकाचा हिरमोड होई.

भारतातली जुनी साधने याला नकळत अपवाद होती. गारुड्याची झाकणाची टोपली अंधारी आणि वेटोळ्याच्या बेताची असे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नाग मडक्यांत ठेवत. हेतू ने-आण आणि सुरक्षिततेचा असला, तरी अंधाऱ्या, अरुंद जागेत साप शांत राहतो हा अनुभव त्यामागे होता. तमिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेल्या इरुला या आदिवासी जमातीतील साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेने हीच पद्धत विषसंकलनासाठी वापरली. मातीच्या मडक्यात वाळू भरायची, साप सोडायचा आणि तोंडाला सुती कापड बांधायचे. सच्छिद्र मातीमुळे आत गारवा टिकतो आणि कापडातून हवा खेळते. काही आठवडे ठराविक दिवसांनी विष काढून साप पुन्हा रानात सोडले जातात.

युरोपात सुरुवात काचेपासून झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली जगातील पहिले सर्पालय उघडले. तिथल्या मोठ्या सापांना ऊब मिळावी म्हणून घोंगड्या देत. साप त्याखाली शिरून बसत; एका बोआने तर घोंगडीच गिळली आणि काही आठवड्यांनी ओकून टाकली. याच प्राणिसंग्रहालयात १९२७ साली जोन प्रॉक्टर यांच्या आराखड्यानुसार नवे सर्पालय उभे राहिले. कृत्रिम खडक आणि पेटीच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी ऊब देणारी विजेची व्यवस्था ही त्याची वैशिष्ट्ये होती. पुढे स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांनी १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बंदिवासातील प्राण्यांच्या वर्तनाची शास्त्रीय मांडणी केली. जागा किती मोठी यापेक्षा ती कशी आहे याला महत्त्व आहे, आणि पळून जाण्याची वाट बंद झालेल्या प्राण्याला आडोसा लागतोच, हा विचार त्यातून दृढ झाला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेपर्ड गेको, कॉर्न स्नेक, बॉल पायथन अशा प्रजातींची पैदास अमेरिका-युरोपातील घरांत होऊ लागली आणि आडोशाचे बारकावे पक्के झाले. पहिला मापाचा. पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो; पाठ आणि कुशी भिंतींना टेकल्या की तो निर्धास्त होतो. म्हणून आडोसा वेटोळ्यापेक्षा किंचितच मोठा घेतात. दुसरा संख्येचा. आडोसा फक्त थंड बाजूला असेल तर लपण्यासाठी प्राण्याला ऊब सोडावी लागते आणि पचन मंदावते. म्हणून उबदार आणि थंड अशा दोन्ही बाजूंना एकेक ठेवतात. तिसरा ओलाव्याचा. गेकोला कात टाकताना ओलसर कोपरा मिळाला नाही, तर बोटांभोवती कातीची वळी अडकतात, रक्तपुरवठा तुटतो आणि बोटे झडतात. झाकणाच्या डब्याला भोक पाडून, कडा घासून, आत ओले शेवाळ घातले की हे काम भागते.

साहित्य बहुधा हाताशी असलेलेच राहिले: आडवी फोडलेली कुंडी, नारळाची करवंटी, कौल, बुचाच्या झाडाची साल. बुचाची साल हलकी असते आणि लवकर कुजत नाही, त्यामुळे ती विशेष पसंत केली जाते. देवदारासारखे उग्र वासाचे लाकूड टाळतात. दगडांचा आडोसा वाळूवर न रचता थेट पेटीच्या तळावर बसवतात, नाहीतर खाली उकरणाऱ्या प्राण्यावर तो कोसळतो. आज बाजारात राळेचे नकली खडक मिळतात. पण अंधार, बेताचे माप आणि धुता येणारा पृष्ठभाग एवढे असले की कुंडीचा तुकडाही त्यांच्याइतकाच उपयोगी ठरतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार देशी साप, घोरपडी किंवा तारा कासव घरी पाळता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते. त्यामुळे इथे पेटी आणि आडोसा यांच्याआधी परवानगीचा प्रश्न येतो.