उन्हाचं माप

गेल्या मार्गशीर्षात नागावला गेलो, तर काका अंगणात उघड्या अंगाने उन्हात बसलेले. हातात हळदीचा काढा, मांडीवर मोबाइल. फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान होऊन तीन आठवडे झाले होते. वाडीतल्या कोणीतरी त्यांना एक फॉरवर्ड पाठवला होता: वनस्पतीचा अर्क घ्या, वर प्रकाश द्या, फुप्फुसातला कॅन्सर मरतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.

"तू वाचतोस ना असलं? बघ खरं काय ते," काका म्हणाले. "सोमवारी केमोला जायचं की नाही ते मग ठरवू."

तो शुक्रवार होता. 'थाप आहे' असं म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण मला ते म्हणवेना, कारण वनस्पती आणि ऊन यांचं औषध मी त्याच अंगणात लहानपणी पाहिलं होतं.

माझ्या आत्याला हातावर कोड होतं. लग्नाचं वय, त्यामुळे घरात त्याबद्दल हळू आवाजात बोलायचे. आजी अलिबागहून काष्ठौषधींच्या दुकानातून बावचीचं बी आणायची, वाटून त्या डागांवर लावायची आणि आत्याला उन्हात बसवायची. घड्याळ नव्हतं. सुपारीची सावली तुळशीवृंदावनाला टेकली की उठायचं. एकदा आजी बाजारात गेली आणि आत्या, लवकर बरं वाटावं म्हणून, बसूनच राहिली. दुसऱ्या दिवशी हातावर टरारून फोड आले. आजीने बावची टाकून दिली नाही. तिने सावलीची खूण अलीकडे घेतली.

हा उपाय आजीचा नव्हता. चरकसंहितेत कोडावरच्या उपचारांत मलपूचा रस गुळाबरोबर द्यायला आणि मग रोग्याला सोसेल तेवढंच ऊन द्यायला सांगितलंय. मलपू म्हणजे काकोदुंबरिका, आपला काळा उंबर. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका रानवनस्पतीचं बी खाऊन कोडाचे रोगी उन्हात बसत. तेराव्या शतकात इब्न अल-बैतारने ते नोंदवून ठेवलंय. बावची, उंबराचं कूळ आणि ते इजिप्शियन बी या तिन्हींत एकाच जातीची द्रव्यं असतात: सोरालेन. लिंबू पिळून तसंच उन्हात गेलं की हातावर काळे डाग पडतात, तेही याच कुळाचं काम.

१९३३ साली म्हैसूर संस्थानात जोइस आणि मंजुनाथ या रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन वेगळं केलं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस कैरोत एल मोफ्ती यांनी इजिप्शियन बियांतलं शुद्ध द्रव्य कोडाच्या रुग्णांना देऊन पाहिलं. आणि १९७४ साली अमेरिकेत पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबॉम आणि मधु पाठक यांनी सोरायसिसच्या रुग्णांना तेच द्रव्य मोजून गोळीतून दिलं आणि अतिनील किरणांच्या दिव्यांखाली मोजून उभं केलं. हीच 'पुवा' उपचारपद्धती. आजीची सावली तिथे दिव्याच्या मीटरवर आली होती.

इथपर्यंत वाचून मला वाटलं, काकांचं खरं की काय! पण हे सगळं कातडीचं होतं. फुप्फुसाची गोष्ट दुसऱ्या वाटेने येते.

१९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा विद्यार्थी पॅरामेशियम या सूक्ष्मजीवांवर अ‍ॅक्रिडीन रंगाचा परिणाम तपासत होता. एकाच मात्रेचे निकाल वेगवेगळे येईनात का? शेवटी लक्षात आलं, फरक उजेडाचा आहे. अंधारात जीव जगत, उजेडात मरत. त्याचे गुरू टॅपायनर यांनी पुढे दाखवलं की या खेळाला तिसरा गडी लागतो: ऑक्सिजन. रंगद्रव्य प्रकाश शोषतं, ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं, आणि भडकलेला ऑक्सिजन शेजारची पेशी जाळतो. सोरालेन मात्र थेट पेशीच्या डीएनएला चिकटतं. दोन्हींत साम्य एवढंच की प्रकाशाशिवाय औषध जागं होत नाही.

१९१२ साली मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने रक्तातल्या लाल द्रव्यापासून केलेलं हिमॅटोपोर्फिरिन स्वतःलाच टोचून घेतलं. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा आणि हात इतके सुजले की ओळखू येईना. उन्हाची ती भीती त्याला दोन महिन्यांहून जास्त पुरली. आत्याचे फोड मला इथे परत दिसले.

१९७८ साली अमेरिकेत बफेलोच्या थॉमस डॉगर्टी यांनी याच द्रव्याचा सुधारलेला प्रकार २५ रुग्णांच्या ११३ गाठींवर वापरला. १११ गाठींवर पूर्ण किंवा थोडा तरी परिणाम दिसला. त्यानंतर टोकियोत हायाता आणि कातो यांनी लेझरचा बारीक तंतू दुर्बिणीच्या नळीतून श्वासनलिकेत उतरवला. प्रकाश फुप्फुसात पोचला! २००३ साली जपानने सुरुवातीच्या फुप्फुस-कॅन्सरसाठी टालापोर्फिन या औषधाला मान्यता दिली. त्याचा रेणू कुठून आला? हिरव्या पानाला हिरवं करणाऱ्या क्लोरोफिलच्या घराण्यातून.

म्हणजे फॉरवर्ड पुरता खोटा नव्हता. त्याने फक्त मापं गाळली होती.

पहिलं माप खोलीचं. औषध जागं करणारा लाल प्रकाश शरीरात जेमतेम सेंटिमीटरभर शिरतो. त्यामुळे हा उपचार नळीतून दिसणाऱ्या, मोठ्या श्वासनलिकेच्या अस्तरातल्या लहान, उथळ गाठींसाठी आहे. हळद पिवळी दिसते, कारण ती निळा प्रकाश शोषते. आणि निळा प्रकाश तर कातडीतच संपतो. शिवाय प्यालेल्या हळदीतलं फारच थोडं रक्तात उतरतं. काकांची छाती तापत होती, फुप्फुसात अंधारच होता.

दुसरं माप बशीचं. असल्या बातम्यांमागचे बरेचसे प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर होतात. ए५४९ नावाच्या पेशी त्यात नेहमी भेटतात. १९७२ साली ५८ वर्षांच्या एका माणसाच्या फुप्फुसातल्या गाठीतून त्या वाढवल्या. बशीत पेशींचा एक पातळ थर, वर थेट अर्क, वर थेट दिवा. असे प्रयोग हवेतच. त्यांच्याशिवाय टालापोर्फिनपर्यंत कोणी पोचलं नसतं. पण बशीला बरगड्या नसतात, यकृत नसतं.

तिसरं माप काकांच्या रिपोर्टात होतं. गाठ फुप्फुसाच्या बाहेरच्या कडेला होती आणि यकृतात पोचली होती. जिथे दिवा धराल तिथेच काम करणारा उपचार शरीरभर पसरलेल्या रोगाला पुरत नाही. त्याला रक्तातून सगळीकडे जाणारं औषध लागतं.

रविवारी संध्याकाळी मी त्यांना हे सगळं सांगितलं. कागदावर छाती काढली, नळी काढली, प्रकाश कुठवर जातो तिथे रेघ मारली. काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"मग आईचं ऊन?"

"आजीचं ऊन कातडीपुरतं होतं, काका. आणि तेही ती मोजून द्यायची."

"हं. मोजून द्यायची खरी." त्यांनी कागदाची घडी करून रिपोर्टांच्या फायलीत ठेवली. मग विचारलं, "उद्या मांडव्याहून पहिली बोट कितीची?"

सोमवारी रो-रोच्या डेकवर मी त्यांच्यासाठी उन्हातली जागा धरली होती. ते बसले नाहीत. "आत चल," म्हणाले, "ऊन पुष्कळ झालं."