पाकिटावरची ऐंशी टक्के जागा

स्पेसिफिकेशन वाचताना आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची नजर दोन शब्दांवर आधी जाते: 'शुड' आणि 'शॅल'. पहिला म्हणजे 'असावं', दुसरा म्हणजे 'असलंच पाहिजे'. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार (२००३ साली मंजूर, २००५पासून लागू) वाचताना अकराव्या कलमापाशी मी तसाच थबकलो. पाकिटाच्या मुख्य बाजूंवर आरोग्याचा इशारा ५० टक्के किंवा जास्त 'असावा', ३० टक्क्यांहून कमी मात्र चालणारच नाही. ८० टक्क्यांबद्दल चकार शब्द नाही.

तो आकडा उरुग्वेने निवडला. लोकसंख्या जेमतेम ३४ लाख. राष्ट्राध्यक्ष ताबारे व्हास्केस हे पेशाने कर्करोगतज्ज्ञ. २००६ साली त्यांच्या सरकारने बंदिस्त सार्वजनिक जागांतली सिगारेट बंद केली. 'लाइट' वगैरे शब्दांवरही बंदी आली, तर कंपन्यांनी तेच काम रंगांकडून करून घेतलं: सोनेरी म्हणजे सौम्य, निळी म्हणजे आणखी सौम्य. त्यावर नियम आला, एका ब्रँडचा एकच प्रकार. मार्लबोरोची फक्त लाल उरली. २००९ साली इशारा ५०वरून ८० टक्क्यांवर गेला.

२०१०च्या फेब्रुवारीत फिलिप मॉरिस लवादात गेली, तेही स्वित्झर्लंड-उरुग्वे गुंतवणूक कराराचा आधार घेऊन. आमचा ट्रेडमार्क म्हणजे आमची गुंतवणूक, तो छापायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत, असा दावा. करांसकट कंपनीची उलाढाल तेव्हा उरुग्वेच्या जीडीपीपेक्षा मोठी होती. वकिलांची फी कुठून आणायची? नियम थोडे सैल करण्याची भाषा सरकारमधूनच सुरू झाली. अखेर न्यूयॉर्कचे अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने खर्चाला हातभार लावला. मला ही गोष्ट खटकते. एका देशाने आपला कायदा टिकवायचा, तर परक्या धनिकाची मदत लागावी?

८ जुलै २०१६ रोजी निकाल लागला. कंपनी हरली, शिवाय उरुग्वेच्या खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायची पाळी तिच्यावर आली. 'एकच प्रकार' हा नियम मनमानी असल्याचं मत तिघांपैकी एका लवादाने नोंदवलं. पण बहुमताचा युक्तिवाद मला जास्त महत्त्वाचा वाटतो: मर्यादित साधनांच्या देशाने प्रत्येक नियमासाठी स्वतःचं वेगळं संशोधन करायची गरज नाही, आंतरराष्ट्रीय कराराखाली जमलेल्या पुराव्यावर तो विसंबू शकतो. म्हणजे करारातला तो मवाळ 'असावं' लवादापुढे ढाल म्हणून उभा राहिला.

त्याच वर्षी एप्रिलपासून भारतात इशारा ८५ टक्के झाला. डिसेंबर २०१७मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, जानेवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ८५ टक्के टिकले. पण सुट्टी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतंच कुठे? महाराष्ट्राने २०२० साली सुट्ट्या विक्रीवरही बंदी घातली. आमच्या ऑफिसखालच्या टपरीवर ती आजही सुट्टीच मिळते, आणि पाकीट काउंटरच्या आत, टपरीवाल्याकडे तोंड करून ठेवलेलं असतं.