‘ब्लॅक कोरिया’चा कालक्रम

आइस क्यूबच्या ‘ब्लॅक कोरिया’ या रॅप गाण्याची हकीकत बहुतेक वेळा अशी सांगितली जाते: लॉस एंजेलिसमध्ये एका कोरियन दुकानदारणीने 15 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला गोळी घातली, न्यायाधीशांनी त्या बाईंना तुरुंगात न पाठवता सोडून दिले आणि त्या संतापातून हे गाणे जन्माला आले. ही हकीकत ऐकायला पटते, पण तारखा तिच्या विरोधात जातात. ज्युरीने दोषी ठरवले 11 ऑक्टोबर 1991 रोजी. ज्या अल्बममध्ये हे गाणे आहे तो ‘डेथ सर्टिफिकेट’ बाजारात आला 29 ऑक्टोबरला. शिक्षा सुनावली गेली 15 नोव्हेंबरला. म्हणजे न्यायाधीश शिक्षा वाचत होत्या तेव्हा गाणे 17 दिवस विकले जात होते. लाखो प्रती तयार करून देशभर पोचवायला 18 दिवस पुरण्यासारखे नव्हते, तेव्हा गाणे ज्युरीच्या निर्णयाच्याही आधी ध्वनिमुद्रित झाले असणार, हे अनुमान धरायला हरकत नाही.

हा तपशील किरकोळ नाही. न्यायालयाने तोंडघशी पाडले म्हणून कलावंत भडकला, असे म्हटले की गाण्यातल्या धमकीला एक सबब मिळते. ती सबब काढून घेतली की गाणे आणि त्यामागचे वास्तव, दोन्ही वेगळे तपासावे लागतात.

वास्तवासाठी सर्वांत भक्कम साधन आहे कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाचे एप्रिल 1992 मधले निकालपत्र. ते शिक्षेच्या प्रश्नापुरते असले तरी घटना त्यात तपशिलाने नोंदली आहे. 16 मार्च 1991, शनिवार सकाळ. साऊथ सेंट्रल लॉस एंजेलिसमधल्या फिगरोआ स्ट्रीटवरचे ‘एम्पायर लिकर मार्केट’. नाव दारूच्या दुकानाचे असले तरी अशा दुकानांत दूध, फळांचे रस, पाव असा रोजचा किराणाही मिळे. लताशा हार्लिन्सने 1 डॉलर 79 सेंटची संत्र्याच्या रसाची बाटली घेतली, ती पाठीवरच्या पिशवीत अशी ठेवली की तिचा भाग बाहेर दिसत होता, आणि ती गल्ल्याकडे आली. गल्ल्यावरच्या दुकानदार, 51 वर्षांच्या सून जा डू यांना वाटले, ही चोरी आहे. त्यांनी मुलीचे स्वेटर धरून ओढले, पिशवीला हात घातला. मुलीने त्यांना तोंडावर ठोसे मारले; बाई खाली पडल्या, उठल्या, त्यांनी स्टूल फेकले आणि गल्ल्याखालचे रिव्हॉल्व्हर काढले. लताशाने बाटली गल्ल्यावर ठेवली आणि ती वळून जाऊ लागली. गोळी सुमारे तीन फुटांवरून तिच्या डोक्यात मागून लागली. ती पडली तेव्हा तिच्या हातात दोन डॉलर होते.

दुकानातल्या कॅमेऱ्याने हे सारे टिपले, पण चित्रफितीला आवाज नव्हता. त्यामुळे कोण कोणाला काय म्हणाले, हे साक्षींवरच अवलंबून राहिले. दुकानात त्या वेळी दोन लहान मुले होती. पैसे देणार आहे असे लताशा म्हणाली, अशी त्यांची साक्ष. आपण रसाबद्दल विचारले तेव्हा मुलीने कानांवर हात ठेवले, अशी डू यांची. हातातले दोन डॉलर मुलांच्या बाजूने बोलतात. चोरीचा प्रयत्नच झाला नव्हता, असे पोलिसांनीही लगेचच जाहीरपणे सांगितले होते.

त्याच निकालपत्रात दुसरी बाजूही आहे, आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डू कुटुंबाच्या मुलाला टोळीतल्या तरुणांनी धमकावले होते, दुकान काही दिवस बंद ठेवावे लागले होते. बाई एरवी कुटुंबाच्या दुसऱ्या दुकानात असत; मुलाला विश्रांती मिळावी म्हणून त्या दिवशी इथे आल्या होत्या. रात्रभर काम केलेले पती बाहेर गाडीत झोपले होते. रिव्हॉल्व्हर पूर्वी चोरीला गेले होते आणि परत मिळाले तेव्हा त्याच्या यंत्रणेत असा बदल झालेला होता की चाप जरासा दाबला तरी गोळी सुटे. हा शेवटचा मुद्दा न्या. जॉइस कार्लिन यांच्या लेखी फार वजनाचा ठरला. ज्युरीने स्वेच्छेने केलेल्या सदोष मनुष्यवधाचा दोष ठेवला होता, त्याला 16 वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. न्यायाधीशांनी 10 वर्षांची शिक्षा सुनावून ती स्थगित केली आणि पाच वर्षांचे परिवीक्षेचे बंधन, 400 तास समाजसेवा, 500 डॉलर दंड आणि अंत्यविधीचा खर्च एवढ्यावर प्रकरण मिटवले. बंदूक वापरलेल्या गुन्ह्यात परिवीक्षा द्यायची नाही, हा कॅलिफोर्नियाचा साधारण नियम. तो इथे अपवाद म्हणून बाजूला ठेवला गेला.

दुकानदारणीच्या भीतीची इतकी बारकाईने दखल घेणाऱ्या न्यायालयाने पाठ फिरवून निघालेल्या मुलीच्या जिवाला त्याच तराजूत वजन दिले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पण हे मत बनवायला लागणारी शिक्षा ऑक्टोबरमध्ये अस्तित्वातच नव्हती. आइस क्यूबपाशी होता तो मार्च ते सप्टेंबरचा अनुभव. लताशाच्या मृत्यूआधी 13 दिवस, 3 मार्चला, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेली मारहाण एका रहिवाशाने व्हिडिओवर टिपली होती आणि देशभर ती दाखवली जात होती. ‘एम्पायर’वर शेजारपाजाऱ्यांनी बहिष्कार घातला. जूनमध्ये आणखी एका दारूच्या दुकानात कोरियन मालकाच्या गोळीने एक कृष्णवर्णीय ग्राहक मारला गेला. पोलिसांनी ती कृती समर्थनीय ठरवली आणि त्या दुकानापुढे महिनोन्‌महिने निदर्शने चालली. या काळात साऊथ सेंट्रलमधल्या कोणत्याही तरुणाच्या मनात दुकानाचा गल्ला आणि पिस्तूल ही जोडी पक्की बसली असणार. ओशे जॅक्सन, म्हणजेच आइस क्यूब, त्याच भागातला. वय 22. ‘एन.डब्ल्यू.ए.’ या रॅप गटातून 1989 मध्ये पैशांच्या वादावरून बाहेर पडलेला, आणि त्या गटात असताना एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने गाण्याबद्दल रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवावे, इतका गाजलेला.

ही दुकाने कोरियन कुटुंबांकडे कशी आली, याचे उत्तर गाण्यात नाही, पण ते थोडक्यात सांगायला हवे. 1965 च्या वॉट्स दंगलीनंतर त्या भागातले अनेक जुने, बरेचसे ज्यू, दुकानदार निघून गेले. त्याच वर्षीच्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना दारे उघडली. शिकलेली, पण इंग्रजी अडखळणारी कोरियन कुटुंबे सत्तरीच्या दशकापासून अशी दुकाने घेऊ लागली, कारण ती परवडत होती. मोठ्या सुपरमार्केट कंपन्या तिथे फारशा फिरकत नव्हत्या. ज्यांना कोणी कर्ज देत नव्हते असे गिऱ्हाईक आणि ज्यांना दुसरीकडे जागा मिळत नव्हती असे दुकानदार, यांच्यात बंदुकीला पुरेल एवढीच जागा उरली होती.

आता गाणे. त्याची लांबी 46 सेकंद. अल्बमच्या दोन बाजूंना ‘मृत्यू’ आणि ‘जीवन’ अशी नावे आहेत. मुखपृष्ठावर स्ट्रेचरवर झाकलेले प्रेत, त्याच्या पायाच्या अंगठ्याला अंकल सॅमच्या, म्हणजे अमेरिकेच्या प्रतीकाच्या, नावाची चिठ्ठी आणि शेजारी उभा आइस क्यूब. ‘ब्लॅक कोरिया’ येते ‘जीवन’ बाजूला, म्हणजे कृष्णवर्णीयांनी पुढे काय करावे हे सांगणाऱ्या भागात. त्याची सुरुवात स्पाइक लीच्या 1989 च्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटातल्या संवादाने होते: रेडिओ रहीम कोरियन दांपत्याच्या दुकानात बॅटऱ्या मागतो आणि शब्दाला शब्द लागतो. मग रॅपर बोलू लागतो. दुकानात शिरले की पाठीमागे फिरतात, प्रत्येक हालचाल न्याहाळतात, पैसे खिशात असूनही चोर समजतात, ही तक्रार. त्यानंतर एका चिनी-अमेरिकन खाद्यपदार्थाच्या नावाने केलेली हेटाळणी, जणू सारे आशियाई एकच. त्यापुढे देशव्यापी बहिष्काराची धमकी आणि शेवटी, मान राखला नाही तर दुकान जाळून टाकण्याची. लताशाचे नाव गाण्यात कुठेही येत नाही.

स्पाइक लीचा चित्रपट रॅपरने निम्माच वापरला आहे. त्याच चित्रपटाच्या शेवटी, पिझ्झाचे दुकान पेटल्यावर जमाव समोरच्या कोरियन दुकानाकडे वळतो. दुकानदार झाडू फिरवत ओरडतो की मीही तुमच्यासारखाच काळा आहे. जमावातला एक जण इतरांना थोपवतो आणि ते दुकान वाचते. आइस क्यूबने बॅटऱ्यांचा प्रसंग घेतला, हा घेतला नाही. निवड जाणूनबुजून केलेली असो वा नसो, हाती आलेल्या साहित्यात तडजोडीची वाट होती आणि गाण्याने ती बंद केली, एवढे ध्वनिफितीवरूनच सिद्ध होते. पाळत आणि अपमानाची तक्रार खरी होती. तिचे उत्तर म्हणून एका अख्ख्या वंशाला लक्ष्य केले गेले. पहिले मान्य करण्यासाठी दुसऱ्याला माफी देण्याची गरज नाही.

अल्बमवरचा गदारोळ दोन गाण्यांभोवती उठला. दुसरे ‘नो व्हॅसलीन’, ज्यात जुन्या साथीदारांबरोबर त्यांच्या व्यवस्थापकावर तो ज्यू असल्याचा उल्लेख करून हल्ला होता. सायमन विझेनथाल सेंटर या ज्यू संस्थेने मोठ्या विक्रेत्यांना अल्बम न ठेवण्याचे आवाहन केले. 23 नोव्हेंबर 1991 च्या अंकात ‘बिलबोर्ड’ने संपादकीय लिहून म्हटले, की कोरियन, ज्यू आणि इतर गोऱ्यांविरुद्ध हिंसेचा पुरस्कार करताना कलेची मर्यादा ओलांडली गेली आहे; विकायचे की नाही ते प्रत्येक विक्रेत्याने ठरवावे. संगीत-व्यापाराच्या मुखपत्राने एखाद्या कलावंतावर असे लिहिणे ही असाधारण गोष्ट होती. पण त्याच ‘बिलबोर्ड’च्या विक्रीच्या यादीत अल्बमने थेट दुसऱ्या स्थानी प्रवेश केला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून ही यादी दुकानदारांच्या अंदाजांऐवजी गल्ल्यावर नोंदल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष विक्रीवर बेतली जात होती, तेव्हा लोक खरोखर काय घेत आहेत हे झाकून ठेवता येत नव्हते. ब्रिटनमधल्या आवृत्तीतून मात्र ही दोन्ही गाणी गाळली गेली.

संपादकीयांपेक्षा जास्त परिणाम झाला तो बिअरच्या व्यवहाराने, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. आइस क्यूब त्या वेळी ‘सेंट आइड्स’ या कडक, स्वस्त माल्ट लिकरच्या जाहिराती करत होता. कृष्णवर्णीय वस्त्यांत ती मोठ्या बाटल्यांत खपे, आणि विकत कोण? तीच कोपऱ्यावरची कोरियन दुकाने. ज्या गल्ल्याविरुद्ध तो रॅप करत होता त्या गल्ल्यावर खपणाऱ्या मालाचा चेहरा तोच होता. त्याच वर्षी ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाच्या चक डीने आपला आवाज परवानगीशिवाय या पेयाच्या जाहिरातीत वापरला म्हणून मॅकेंझी रिव्हर या कंपनीवर दावा लावला होता, आपल्या श्रोत्यांना हे पेय विकणे त्याला मंजूर नव्हते. आइस क्यूबने पैसे घेतले होते.

कोरियन किराणा दुकानदारांच्या ‘काग्रो’ या संघटनेने ही दुखरी नस ओळखली. नोव्हेंबरमध्ये तिच्या हजारो सदस्यांनी ‘सेंट आइड्स’ मागवणे बंद केले. गाण्यात देशव्यापी बहिष्काराची धमकी होती. प्रत्यक्षात बहिष्कार घातला तो दुकानदारांनी, आणि तो चालला. गाणे मागे घ्यायला कंपनी आइस क्यूबला लावू शकत नव्हती, पण त्याच्या जाहिराती थांबवणे तिच्या हातात होते. दुकानदारांशी वाद मिटेपर्यंत त्याला जाहिरातीत न घेण्याचे तिने मान्य केले.

फेब्रुवारी 1992 मध्ये आइस क्यूब संघटनेच्या नेत्यांना भेटला आणि त्याने पत्र लिहिले. गाणे सगळ्या कोरियन-अमेरिकनांवर नव्हते. आपल्याला आणि मित्रांना जिथे अपमान सोसावा लागला त्या मोजक्या दुकानांबद्दल होते. कोरियन-अमेरिकनांबद्दल आपल्याला आदर आहे, असा पत्राचा आशय. पत्र आणि गाणे शेजारी ठेवले की मेळ बसत नाही. गाण्यात एकाही दुकानाचा निर्देश नाही. शीर्षकात आणि शेवटात आहे तो एक देश. पत्र लिहिताना जाहिरातींचा करार टांगणीला लागलेला होता, हेही विसरता येत नाही. त्यामुळे गाण्याचा अर्थ ठरवताना पत्राला पुरावा मानणे मला मान्य नाही. पत्र सांगते ते इतकेच, की बिअर विकणाऱ्या दुकानदारांशी समेट करण्याची वेळ आली होती. तरीही दोन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या, याला किंमत आहे. लताशाच्या प्रकरणात अशी बैठक वेळेवर झाली नव्हती.

21 एप्रिल 1992 रोजी अपील न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी एकमताने शिक्षा कायम ठेवली. शिक्षा योग्य आहे की नाही हे पाहणे आपले काम नाही, न्यायाधीशांनी आपल्या अधिकाराच्या कक्षेत राहून निर्णय दिला का एवढेच आपण पाहतो, ही त्यांची भूमिका. आठ दिवसांनी, 29 एप्रिलला, रॉडनी किंगला मारणाऱ्या पोलिसांना ज्युरीने हल्ल्याच्या आरोपांतून सोडले आणि शहर पेटले. 60 हून अधिक माणसे मेली. दोन हजारांहून अधिक कोरियन दुकाने लुटली किंवा जाळली गेली. त्या समाजाचे नुकसान सुमारे 40 कोटी डॉलरचे धरले जाते.

तेव्हापासून काहींनी म्हटले की गाण्याने आग लावली, काहींनी म्हटले की गाण्याने ती आधीच पाहिली होती. कागदपत्रांतून यांपैकी एकही विधान उभे राहत नाही. दंगलीची ठिणगी पोलिसांच्या सुटकेची होती. तिच्यामागे 15 नोव्हेंबर आणि 21 एप्रिल या दोन तारखा होत्या आणि गाणे या दोन्हींच्या आधीचे आहे. पण दुकाने जळण्याच्या सहा महिने आधी दुकाने जाळण्याची भाषा लाखो घरांत वाजत होती, हीदेखील तितकीच पक्की नोंद आहे. आइस क्यूबने ती लिहिली तेव्हा कोणत्याही न्यायालयाने अजून त्याला निराश केले नव्हते, म्हणून तिची जबाबदारी न्या. कार्लिन यांच्यावर ढकलता येत नाही. आणि न्या. कार्लिन यांनी दिलेली शिक्षा गाण्यातल्या द्वेषाचे बोट दाखवून झाकता येत नाही.